डॉक्टरांच्या दारापर्यंत

आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून पोपटराव लाँड्रीच्या बंद दुकानाच्या पायरीवर अंग चोरून बसले होते. पहाट अजून फटफटायची होती. समोर डॉक्टरांचं घर. वर दिवा नव्हता, दाराला आतून कडी. पण म्हणून काय झालं? कडी काढायला असा कितीसा वेळ लागतो!

घरून निघताना त्यांनी कलावतीला थाप मारली होती, कंपनीत आज पहिल्या पाळीला बोलावलंय म्हणून. "सावकाश जा," ती म्हणाली. बायको गोड बोलायला लागली की नवऱ्याने सावध व्हावं, हे पोपटरावांचं नवं तत्त्वज्ञान होतं. ते त्यांना छातीच्या दुखण्यानंतर सुचलं होतं.

गेल्या माघात अशाच पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. कळव्याच्या त्या चाळीला फोन एकच, किराणावाल्याकडे, आणि दुकान कुलपात. रिक्षा मिळालीच तर रेल्वे फाटकाच्या पलीकडे. कलावती पायीच सुटली आणि डॉक्टरांना घेऊन आली. पोपटराव वाचले. "धावत जाऊन नवरा परत आणलास, सावित्री आहेस गं बाई," सारी चाळ म्हणाली. शेजारच्या मालनचं नशीब तसं नव्हतं. तिचा नवरा आदल्या वर्षी असाच गेला, ती डॉक्टरांकडे पोचायच्या आत.

पण कुणी सावित्री म्हटलं की कलावती मान खाली घालायची आणि आत निघून जायची. पोपटरावांच्या ते बरोबर नजरेत आलं. कौतुक कुणाला नको असतं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! डॉक्टर तरुण, एकटा राहणारा. घरी तपासायला यायचा तेव्हा कलावती त्याच्या नजरेला नजर देत नसे. त्याने पोपटरावांचं तिखट बंद केलं, तंबाखू बंद केली, आणि आणखी एक गोष्ट हळू आवाजात बंद करायला सांगितली. माणसाचं सगळं बंद झालं की डोकं तेवढं जोरात चालतं.

मग हे सुरू झालं. अंधारात उठायचं, मालनबरोबर बाहेर पडायचं, परत येताना चेहरा लाल, केस सुटलेले, पदर घामाने ओला. विचारलं तर म्हणे, दुधाच्या लाइनीत गर्दी होती. एकदा तांदळाच्या डब्यामागे कॅनव्हासचे बूट सापडले. जन्मभर चपला घालणाऱ्या बाईला बूट कशाला? तरी पोपटराव गिळून बसले. शेवटी गंगुबाई भाजीवालीने काडी टाकली. "वहिनी रोज सकाळच्या डॉक्टरांच्या गल्लीत दिसतात. बरं नाय का त्यांना?"

फाटकाच्या बाजूने पावलं वाजली. पोपटराव दुकानाच्या फळ्यांना चिकटले.

दोघी धावत येत होत्या. चक्क धावत! साड्या वर खोचलेल्या, पायांत बूट. मालन अंगाने जाड, ती मागे पडत होती आणि कलावती तिला हाताला धरून ओढत होती. फाटक ओलांडलं आणि कलावतीच अडखळली, कमरेत वाकली. तशी मालन ओरडली, "बसायचं नाय! उभ्यानं घे दम. मी हाय ना!" आता मालन तिला ओढू लागली.

एवढी घाई! पोपटरावांचं रक्त तापलं. आणि ही मालन, चांगल्या घरची विधवा बाई, हिने हे धंदे करावेत? स्वतःचा संसार गेला म्हणून दुसऱ्याचा मोडायला निघाली!

कलावती दाराशी पोचली. तिने हात वर नेला. बेल वाजणार, दार उघडणार आणि आपल्या डोळ्यांदेखत सगळं संपणार, म्हणून पोपटरावांनी श्वास रोखला. पण तिने चौकटीला नुसता तळवा लावला, खो-खोत खांबाला लावतात तसा, आणि ती मागे फिरली. दोघी धापा टाकत हसत होत्या.

"वाजव ना बेल!" पोपटराव रस्त्यात येऊन ओरडले. "मला बघून थांबलीस काय? वाजव!"

कलावतीचं तोंड पांढरं पडलं. तिने धावत येऊन त्यांच्या छातीवर हात ठेवला. "एवढं चालत आलात तुम्ही? दुखतंय का? मालन, वाजव गं बेल, लवकर!"

"काही दुखत नाही मला." पोपटरावांनी तो हात झटकला. "खरं सांग. रोज या दाराशी तुझं काय आहे?"

मालनच पुढे झाली. "भाऊजी, सराव करतोय आम्ही. घरापासनं डॉक्टरपर्यंत. परत कधी वेळ आली तर पोचायला नको का? माझं आता कुणी राहिलं नाय. पण हिला एकटीला कशी सोडू?"

पोपटराव कलावतीकडे वळले. "सराव कशाला? अगं, त्या दिवशी तू धावतच आणलंस ना डॉक्टरांना? सगळी चाळ सांगते!"

कलावतीने मान खाली घातली. इथे निघून जायला आतली खोली नव्हती.

"नाही हो धावले," ती म्हणाली. "फाटकापर्यंत गेले आणि दम लागला. खाली बसले, ती उठवेचना. तुम्ही घरात तडफडत होतात, आणि मी रस्त्यात बसून होते."