चार नवे टायर

दारूबंदीच्या काळात गोव्याच्या हद्दीकडून येणारी तातूची टॅक्सी राऊळ हवालदार नाक्यावर हटकून अडवायचा. डिकीत सापडायचं काय, तर नारळ आणि प्रवाशांची बोचकी. मग हवालदार उकिडवा बसून टायरांवरून हात फिरवायचा, जणू म्हैसच विकत घ्यायची आहे.

"तातू, टायर गोटो झालो मरे! माझ्या टकलार येच्यापेक्षा जास्त नक्षी आसा. कधी बदलतलस?"

"अजून एक पावसाळो काढीत, हवालदारानू."

"बायका-पोरां बसतत रे तुझ्या गाडीत. खंय घसारलस तर?"

सरकारी माणसाला लोकांच्या जिवाची एवढी कळकळ! तातूच्या बायकोचे तर डोळेच भरून आले. "सख्खो भाव पण इतकी काळजी करूचो नाय," ती म्हणाली. शेवटी तातूने हट्ट सोडला आणि चारही टायर नवे कोरे घातले. नक्षी अशी, की सावंतवाडीच्या चिताऱ्याने कोरून द्यावी. हवालदार इतका खूश झाला, की त्या दिवशी त्याने डिकीसुद्धा उघडली नाही.

त्याच आठवड्यात नाक्याच्या अलीकडे, गोव्याच्याच बाजूला, तातूच्या काजूच्या बागेतल्या गवताच्या उडवीखालून गोव्याच्या बाटल्या निघाल्या.

"ही जागा तुमका कोणी दाखवल्यान?" तातूने विचारलं.

हवालदाराने खाली बोट केलं. रस्त्यापासून उडवीपर्यंत ओल्या तांबड्या मातीत तीच नक्षी सुबक उमटली होती.

"कधीचो सांगतंय तुका," हवालदार मायेने म्हणाला, "टायर बदल म्हणान."