आकाशातून ओळखपरेड

"घाबरू नका मावशी. चष्मा जड आहे, पण टोचत नाही," अधिकारी म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने पट्टा तिच्या डोक्यामागे आवळला.

डोळ्यांसमोर एकदम एक गच्ची उघडली. ड्रोन इतक्या उंचावर होतं, की खालच्यांना त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. पाच-सहा माणसं वाळूच्या गोण्या रचत होती. धुळीसाठी सगळ्यांनी तोंडाला फडकी गुंडाळलेली. तिथेच तर यंत्राचं घोडं अडलं होतं. चेहरा दिसल्याशिवाय त्याला माणूस ओळखता येईना.

आईला चेहरा लागत नाही. वर्षभर बेपत्ता असलेला मुलगा तिला पहिल्या झटक्यात सापडला. डावा खांदा उतरलेला. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती. त्याच्या प्रत्येक शर्टाला त्या खांद्यात आतून जादा पट्टी घालायची. जिवंत होता तर! वाळला होता मात्र. कोण जेवायला वाढत असेल त्याला?

"दिसला का? सुखरूप घरी आणणार आहोत आम्ही त्याला."

मावशी काही दूधखुळी नव्हती. शेजारणीचा मुलगाही यांनी असाच घरी आणला होता. शेजारणीला त्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नव्हतं.

"तो बघा, कठड्याजवळचा उंच," ती म्हणाली. "तो माझा."

त्या उंच पोरालाही कुठेतरी आई असणार, हे तिला कळत होतं. कळलं, आणि तिने ते गिळलं. मरेना का कुणाचा तरी. आपला वाचला की झालं.

"नक्की?"

"माझ्या पोटचा आहे. मी चुकेन होय?"

आवाज जरासुद्धा कापला नाही. एवढ्या बंदूकवाल्यांना आपण टोपी घातली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग डोळे भरून बघून घ्या," अधिकारी मायेने म्हणाला. "घाई नाही."

तिने आपल्या पोराला बघून घेतलं. तो वाकला, त्याने गोणी उचलली, पाठ सरळ करून घाम पुसला. त्याच्या मागे मागे तीही गच्चीभर हिंडली. मग मनातल्या मनात तिने त्याची दृष्ट काढली.

"मिळाला, सर," शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. "गोण्यांपाशी, डावीकडचा."

"सोडा."

गच्चीचा डावा कोपरा पांढराफटक झाला. धूर विरला, तेव्हा उंच पोरगा कठडा धरून उभा होता. गोण्यांपाशी कुणीच नव्हतं.

"तो नव्हे!" ती किंचाळली. "मी उंच म्हणाले होते! उंच!"

अधिकाऱ्याने पट्टा हलकेच सैल केला.

"मावशी, तुम्ही काय सांगता ते आम्ही धरतच नाही. तुमची नजर कुणावरून हलत नाही, तेवढं हा चष्मा टिपतो."