डावा चालतो

“ग्लोव्हज वेअर नॉट वॉर्न.”

रोहिणीने पूर्णविराम दिला. हातमोजे घातले गेले नव्हते. इंग्रजीत चार शब्द. माणूस एकही नाही.

देवदत्त सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. अंबरनाथच्या या केमिकल कारखान्याचे ते मॅनेजर.

“हे मला आवडतं तुझं,” ते म्हणाले. “तुझ्या इंग्रजीत कधी कुणी काही करतच नाही. सगळं आपोआप होतं.”

पॅसिव्ह व्हॉइस ती उल्हासनगरला शिकली होती. कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. खाली मशिनी धडधडायच्या आणि वर मास्तर ओरडायचे, करणारा महत्त्वाचा नसेल तर त्याला काढून टाका! चामटोली गावच्या रोहिणीने ते इतकं मनावर घेतलं की नोकरीला लागल्यावर वर्षभरात सगळे अपघात-अहवाल तिच्याच टेबलावर आले. झाकण उघडं राहिलं. ड्रम कलंडला. चौकशी करण्यात आली. सात वर्षांत जखमी माणूस सोडून एकाचंही नाव कागदावर आलं नव्हतं.

आताचा अहवाल मंगळवारचा.

सकाळी टाकी धुवायची होती. टाकीत कॉस्टिकचा, कातडी जाळणारा गाळ होता. स्टोअरच्या खिडकीवर नवे हातमोजे मागण्यात आले. जुनी जोडी जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही, असा नियम आहे. जोडीतला उजवा फाटून गटारात वाहून गेला होता. डावा तेवढा दाखवण्यात आला. एक चालत नाही, जोडी लागते, असं सांगण्यात आलं. टाकी धुण्यात आली. हात भाजला.

हात चंद्रीचा होता.

ती समोरच्या बाकावर बसली होती. पन्नाशीची, बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारी, कंत्राटी. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. अहवालावर तिचा अंगठा उठला की तो हेड ऑफिसला जाणार होता. चूक कामगाराची ठरली तर दवाखाना तिचा तिने बघायचा, आणि सोमवारपासून गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. कंत्राटदाराने तिला हे आधीच ऐकवलं होतं.

स्टोअरकीपर त्या आठवड्यात सुट्टीवर होता. अशा वेळी ऑफिसातलं जे मोकळं असेल ते खिडकीवर बसतं. चौकशीत सरांनी चंद्रीला विचारलं होतं, “खिडकीवर कोण होतं, मावशी?”

“हातमोजे नाय गावले,” ती म्हणाली होती. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. सरांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

“तिला मराठीत वाचून दाखव,” आता ते म्हणाले.

“हातमोजे घातले गेले नव्हते,” रोहिणीने वाचलं.

चंद्रीने मान वर केली. “येक घातलेला ना, बाय. डावा. तवाच ह्यो हात वाचला.” तिने डावा हात पुढे केला, उलटासुलटा करून दाखवला. चिरा होत्या, घट्टे होते. भाजल्याचा डाग एकही नव्हता.

“एक घातला काय, न घातला काय,” सर म्हणाले. “चल, शाई काढ.”

रोहिणीने पॅडचं झाकण उघडलं आणि ती थांबली. “सर, बायकांचा उजवा अंगठा लागतो. पुरुषांचा डावा. फॉर्मवर तसं छापलंय.”

“माहितीये मला. पण उजव्याचं काय झालंय ते दिसत नाही का? डावा घे.”

“नियम आहे, सर.”

“नियम माणसासाठी असतो, रोहिणी. अडलं तर डावा चालतो.”

डावा चालतो.

इतके सोपे दोन शब्द. मंगळवारी त्या खिडकीत ते सुचले नव्हते.

चंद्रीने निमूट अंगठा पुढे केला होता. शाईपासून वीतभर. रोहिणीने पॅड मिटलं.

“आता काय?” सर म्हणाले.

“अहवाल पुरा झालेला नाही.”

“पाचच्या आत गेला पाहिजे.”

“जाईल.”

ती कॉम्प्युटरकडे वळली. बॅकस्पेसवर बोट दाबून धरलं. वॉर्न गेला. नॉट गेला. वेअर. ग्लोव्हज. ओळ कोरी झाली आणि तिच्या टोकाशी कर्सरची उभी रेघ उघडमीट करत राहिली. वाक्य कुणापासून सुरू करायचं, एवढंच ठरायचं होतं.

“ऱ्हाऊ दे, बाय,” चंद्री घाईघाईने म्हणाली. “मी कुनाला काय बोलले नाय.”

“मला माहितीये, मावशी.”

रोहिणीने टाइप केलं. दोन वाक्यं. न थांबता, न खोडता. प्रिंटरने कागद बाहेर ढकलला. सरांनी तो उचलला, वाचला, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला.

“वेड लागलंय का तुला? हे असं पाठवायचं?”

“हो.”

“नोकरी जाईल. कळतंय ना?”

“कळतंय, सर.” तिने त्यांच्या हातातून कागद घेतला आणि चंद्रीच्या शेजारी बाकावर येऊन बसली. “मावशी, नीट ऐका. पटलं तरच अंगठा द्या.”

आणि तिने मराठीत वाचून दाखवलं.

“चंद्रीने डावा हातमोजा घातला होता. उजवा मी दिला नाही.”