गालांवरची लाली

"हळू बोला, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा," सर कॉलेजातून येताच बायको दारातच कुजबुजली. "दुपारभर तापाने नुसती कुडकुडत होती पोर. आता बघा, गालांवर कशी लाली आलीय!"

बंद खोलीत पलंगाशी कोळशाची शेगडी धगधगत होती. सरांनी धावत जाऊन लेकीला उचलून बाहेर अंगणात आणलं. नाडी लागली नाही.

शेजारचा डॉक्टर धावत आला. तो सरांचाच विद्यार्थी. त्याने मुलीला तपासलं आणि मान खाली घातली.

"खोलीत शेगडी कोणी ठेवली?"

बायकोने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मी."

"सर, तुम्ही? कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो ऑक्सिजनच्या आधी हिमोग्लोबिनला चिकटतो, रक्त लालभडक होतं... हे तुम्हीच तर आमच्याकडून घोकून घेतलंत!"

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती अजून मुलीच्या पायांवर पांघरूण सारखं करत होती.

"तुम्हाला शिकवलं रे," ते म्हणाले. "घरी कधी बोललोच नाही."