श्रद्धांजलीचा बोर्ड

हंबीररावांच्या श्रद्धांजलीचा बोर्ड छापायला त्यांचा मुलगा सम्राट स्वतः गेला, कारण तो पुण्याच्या कंपनीत साहेब होता आणि त्याचं नाव दुसऱ्या कुणी अर्धवटच लिहिलं असतं. 'शोकाकुल' या शब्दाखाली त्यानं आपला टाय लावलेला फोटो टाकायला लावला. मग नाव सांगितलं, आणि नावापुढं सर्टिफाइड क्लाउड आर्किटेक्ट, सर्टिफाइड स्क्रम मास्टर, सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट, शिवाय प्रत्येक परीक्षेचा रंगीत बिल्ला. "पावणं, एवढं बसवायचं तर वडिलांचा फोटो बारका करावा लागंल," दुकानदार म्हणाला. "करा की. त्यास्नी गावात सगळी वळखत्यात," सम्राट म्हणाला. रक्षाविसर्जनाच्या सकाळी बोर्ड कळंब्यातल्या घराच्या दारात उभा राहिला. हंबीररावांचे तालमीतले दोस्त बादशहाभाई झेंडूचा हार घेऊन आले. बोर्डावर मयताचा फोटो मोठा आणि घरच्यांचे बारके, एवढंच त्यांना आजवर माहीत होतं. त्यांनी डोळे पुसत मोठ्या फोटोला हार घातला आणि हात जोडून उभे राहिले. सम्राट धावत आला. "काका, त्यो मी हाय. आबा खाली कोपऱ्यात हायत." बादशहाभाई चपापले आणि त्यांनी हार काढायला हात वर केला. तेवढ्यात उंबऱ्यात बसलेली सम्राटची आई बोलली. "ऱ्हाऊ द्या भावजी, काढू नगासा. दोघांचं सूतक एकदमच फिटंल."