नखाची खूण

"सरस ओला आहे अजून. आज काही चौकट मिळायची नाही," बाबा म्हणाले.

मुलगी दुकानाच्या दारातच थबकली. दुपारच्या गाडीचं तिकीट तिच्या हातातच होतं. आईचा फोटो चौकटीत घालून न्यायचा, तेवढ्यासाठी ती दीड वर्षांनी आली होती. आठ दिवसांपूर्वी फोन करून तसं कळवलंही होतं.

"मग आठ दिवस काय केलंत?"

"सांधे आज सकाळी सरसानं चिकटवले. उद्यापर्यंत पट्टा सोडायचा नाही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. इथे फोटो लहानपणी द्यावा आणि म्हातारपणी न्यावा, असं गिऱ्हाइकं थट्टेनं म्हणायची. बाबा ढिम्म. घाईनं जोडलेलं घाईनंच सुटतं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सात वर्षांची असताना तिनं एक ओली चौकट भिंतीवर टांगली होती. सांधे निखळले आणि काचेचा चुरा झाला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी तिचं बोट धरलं आणि दुसऱ्या एका चौकटीच्या कोपऱ्यातून बाहेर आलेल्या सरसाच्या थेंबावर टेकवलं. नखाची खूण उठली तर सरस कच्चा, नख घसरलं तर पक्का. ती कधीच विसरली नाही.

बाबा चहा ठेवायला मागच्या खोलीत गेले. अर्धवट उघड्या दारातून तिला ते दिसत होते. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. आईच्या खुर्चीवर लाकडी पट्ट्यांचा ढीग रचलेला होता, कमरेइतका उंच. बाबा एकेक पट्टी उचलून भिंतीशी लावत होते. खुर्ची मोकळी झाली तशी त्यांनी ती फडक्यानं पुसली. थोडं थांबून पुन्हा पुसली.

ती कामाच्या बाकाकडे वळली. आईच्या फोटोच्या मापाची चौकट तिथे आडवी होती, भोवती पट्टा घट्ट आवळलेला. कोपऱ्यावर सरसाचा एक थेंब होता. जुन्या सवयीनं तिनं त्यावर नख दाबलं.

नख सर्रकन घसरलं. बोटाला धूळ लागली, चांगली आठवड्याभराची.

"गाडी किती वाजताची म्हणालीस?" बाबांनी आतून विचारलं. ते पाठमोरेच होते.

तिनं तिकिटाची घडी करून पिशवीत खोल सारली.

"तुमचंच खरं, बाबा. कच्चाच आहे अजून. उद्याही सुकेलसं दिसत नाही."