पडद्यामागच्या धापा

टेलरबाईंना पूर्वी भीतीचा झटका आला की छातीत धडधडायचं, धाप लागायची. मग त्या "जरा माप बघून येते" म्हणत दुकानातल्या ट्रायल रूममध्ये शिरायच्या, पडदा ओढायच्या आणि गळ्यातली टेप छातीभोवती गुंडाळून श्वास मोजत बसायच्या. चारचौघांत शोभा नको, एवढंच.

पुढे धडधड थांबली, नुसती बोटं बधिर व्हायला लागली. मग तेही गेलं.

आता बाई निवांत मशीन चालवतात आणि धापा पडद्यामागून ऐकू येतात. रोज दुपारी, चारच्या सुमाराला. आत कोणी नसतं. पण स्वतःच्या धापा माणूस ओळखतोच की! सांगणार कुणाला?

आज नेमकी चारला भाची आली, नव्या नोकरीसाठी शिवलेला ड्रेस घालून बघायला.

"मावशी, आत कोणी आहे का गं?"

बाईंनी मशीनचा वेग वाढवला. "कोणी नाही. जा तू."

पडदा पडला आणि धापा थांबल्या. बाईंना सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज वाटून मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

भाची बाहेर आली ती पांढरीफटक. नव्या ड्रेसवरून छातीभोवती टेप गुंडाळलेली.

"आतल्या मावशीने दिली. म्हणाली, आता तुला लागेल."

बाईंचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. तिथे टेप नव्हती.

मान खाली घालून त्यांनी विचारलं, "खांद्यात नीट बसतोय ना गं?"